वरून टॅली, आतून घालमेल: कर्तबगार माणसाने लपवलेल्या चिंतेवर काम कसं करायचं

शाखेचं शटर बंद झालं की मी कुलूप तीनदा ओढून बघायची. आमचे शिपाई, ज्यांना अख्खी शाखा मामा म्हणते, शेजारीच उभे असायचे. त्यांनीही ते ओढून बघितलेलं असायचं. मग स्कूटरवरून चौकापर्यंत जायचं, तिथं पोटात गोळा यायचा आणि ‘चष्मा राहिला वाटतं’ असं म्हणत परत फिरायचं. चष्मा नाकावर असायचा. त्याच वर्षी वसुलीत आमची शाखा विभागात पहिली आली. सत्काराची शाल अंगावर पडली तेव्हा शालीखाली माझे हात बर्फासारखे गार होते आणि डोक्यात एकच विचार होता: पुढच्या मार्चला काय करायचं?

बँकेत मला सव्वीस वर्षं झाली. त्यातली पंधरा तरी अशीच गेली. मी मानसोपचारतज्ज्ञ नाही, उपचार घेतलेली बाई आहे. खाली जो क्रम दिलाय त्या क्रमाने मी काहीच केलं नाही. आधीच केलं असतं तर बरीच वर्षं वाचली असती, म्हणून लिहितेय.

आधी ओळख पटवा

समाज माध्यमांवर याला ‘हाय फंक्शनिंग अँग्झायटी’ म्हणतात. हे काही डॉक्टरी निदान नाही. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची यादी किंवा अमेरिकेतली मानसविकारांची नियमावली, दोन्हींत हे नाव सापडणार नाही. या नावाखाली कुणाचा खरोखरचा चिंताविकार दडलेला असतो, कुणाला चारचौघांत बोलायची धास्ती असते, तर कुणाला नुसती लागलेली सवय असते. त्यामुळे नावात अडकू नका, खुणा बघा.

आपल्यासारख्यांच्या खुणा फसव्या असतात, कारण त्या गुणांसारख्या दिसतात. सव्वानऊच्या एसटीसाठी पावणेनऊला स्टँडवर उभं राहणं. साहेबांचा मेल आला की भाजी करपली तरी आधी उत्तर. तेच उत्तर पाठवण्याआधी पाचदा वाचणं आणि पाठवल्यावर सहाव्यांदा. ‘नको, राहू दे, मीच करते’ हे तोंडात बसलेलं वाक्य. कौतुक झालं की आनंदाआधी धस्स होणं, कारण आता पुढच्या वेळी एवढं तरी जमायला हवं. रविवारी संध्याकाळी चारनंतर उगाच चिडचिड. दाताच्या डॉक्टरने ‘रात्री दात खाता का?’ असं विचारणं. इन्स्पेक्शनच्या आठवड्यात हमखास बिघडणारं पोट.

यातलं काही ना काही प्रत्येकातच असतं. म्हणून खरा प्रश्न वेगळा विचारा: काम संपलं की काळजी संपते का, की भाडेकरूसारखी सामान उचलून दुसऱ्या खोलीत जाते? ऑडिट झालं की मुलीची परीक्षा, परीक्षा झाली की आईचा गुडघा, गुडघा बरा झाला की ‘इतकं सगळं बरं चाललंय, म्हणजे आता काहीतरी होणार’. माझ्या काळजीला कधी घर रिकामं करायची वेळच आली नाही.

मग मोजा

अंदाजावर राहू नका. २००६ साली तयार झालेली सात प्रश्नांची एक चाचणी जगभरचे डॉक्टर वापरतात. तिचं नाव जीएडी-७. मागच्या दोन आठवड्यांत पुढचा त्रास किती वेळा झाला, एवढंच ती विचारते: अस्वस्थ किंवा ताणल्यासारखं वाटणं, काळजी थांबवता न येणं, अनेक गोष्टींची अति काळजी, निवांत होता न येणं, एका जागी बसवत नसेल इतकी चुळबुळ, चटकन चिडणं, आणि काहीतरी भयंकर घडणार असं वाटत राहणं. अजिबात नाही याला शून्य गुण, काही दिवस याला एक, निम्म्याहून जास्त दिवस याला दोन, जवळजवळ रोज याला तीन. एकूण २१. पाचच्या खाली आलात तर फार काही नाही. पाच ते नऊ सौम्य, दहा ते चौदा मध्यम आणि पंधरापासून पुढे तीव्र. दहा किंवा त्याहून जास्त आले तर डॉक्टरांना दाखवायचंच.

माझे सोळा आले होते. मी चाचणीच चुकीची ठरवली आणि पुन्हा सोडवली. सतरा आले.

हे गुण म्हणजे निदान नव्हे, तापमापीतला आकडा आहे. तारीख घालून वहीत लिहून ठेवा आणि महिन्याने परत बघा.

शरीराची बाजू बाद करा

धडधड, हाताला कंप, घाम, झोप उडणं, वजन उतरणं हे सगळं थायरॉइड वाढल्यावरही होतं. रक्त कमी असेल तरी जिना चढताना छाती धडधडते. तेव्हा मनाचं काही सुरू करण्याआधी नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि साखर तपासून घ्या. आणि छातीत दुखलं, दडपण आलं, डावा हात भरून आला तर ‘माझं टेन्शनच असतं’ असं घरी बसून स्वतः ठरवू नका. ईसीजी काढायला पाच मिनिटं लागतात.

आता चहा. बँकेत दिवसाला सहा कप कुठे गेले ते कळत नाही. चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेपाचच्या चहाचा बराच भाग रात्री दहालाही अंगात असतो. एकदम बंद केलात तर डोकं धरेल. दुपारनंतरचे कप आधी काढा, आठवड्याला एक या हिशेबाने. संध्याकाळच्या ‘फक्त एका पेग’चंही हेच. त्या वेळी सैल वाटतं, पण पहाटे तीनला झोप मोडते आणि दुसऱ्या दिवशी घालमेल वाढलेली असते. ऑफिसातल्या पुष्कळ पुरुषांची चिंता या एका पेगमागे लपलेली मी पाहिली आहे.

चुकीची नोंद शोधा

इथे थोडं थांबावं लागेल, कारण सगळी गुंतागुंत इथेच आहे.

आपल्याला चिंता सोडवत नाही, कारण मनातून आपण तिचे आभारी असतो. ‘मी एवढी काळजी करते म्हणून तर चुका होत नाहीत’ असं मी कैक वर्षं मानत आले. बँकेच्या भाषेत सांगायचं तर एकाच्या खात्यातली रक्कम दुसऱ्याच्या खात्यावर जमा झाली होती. काम केलं अनुभवाने, अभ्यासाने, चांगल्या सहकाऱ्यांनी. श्रेय जमा झालं भीतीच्या खात्यावर.

ही नोंद चुकते कशी, तेही बघण्यासारखं आहे. कुलूप तीनदा ओढलं, चोरी झाली नाही. मनाने लिहून घेतलं: तीनदा ओढलं म्हणून चोरी झाली नाही. एकदाच ओढलं असतं तरी झाली नसती, हे कळायला एकदाच ओढून घरी जावं लागतं आणि नेमकं तेच आपण कधी करत नाही. त्यामुळे पुरावा हाती येतच नाही. अशा कृतींना मानसशास्त्रात सुरक्षा-वर्तन म्हणतात. दिलासा दोन मिनिटांचा आणि व्याज आयुष्यभर.

थोडा ताण कामाला लागतो हे खोटं नाही. १९०८ मध्ये यर्क्स आणि डॉडसन या दोन मानसशास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं की अवघड काम असेल तर ताण एका मर्यादेपर्यंतच मदत करतो, त्यापुढे शिकणं उलट मंदावतं. आपण ती मर्यादा कधीच ओलांडलेली असते.

तर करायचं असं. दोन आठवडे एक वही ठेवा. डाव्या पानावर कामाला खरंच किती वेळ लागला ते लिहा, उजव्या पानावर भीतीपायी किती गेला ते. माझी एक नोंद आजही आहे: ऑडिटच्या शेऱ्यांना उत्तर लिहायला चाळीस मिनिटं, तेच परत परत वाचणं, घरी येऊन पुन्हा उघडणं आणि रात्री जागणं मिळून तीन तास. म्हणजे मुद्दलाच्या साडेचारपट व्याज. सावकारही इतकं घेत नसेल!

दोन आठवड्यांनी उजवं पान वाचा. त्यातल्या प्रत्येक गोष्टीला एक चाळणी लावा: ही तपासणी नियमाने सांगितलेली आहे की भीतीने? कॅश दोनदा मोजणं नियमात आहे, ते ठेवायचं. दोघांनी मोजून टॅली झालेली कॅश कुणाचं लक्ष नसताना तिसऱ्यांदा मोजणं ही भीती, ते काढायचं. डॉक्टर, वैमानिक, औषधवाले, सगळ्यांच्याच कामात नियमाच्या तपासण्या असतात. त्यांना हात लावायचा नाही. हा फरक केला नाही तर ‘म्हणजे आता निष्काळजी व्हायचं का?’ असा वाद मन घालतं आणि जिंकतं.

काढायच्या गोष्टींची सोप्याकडून अवघडाकडे अशी शिडी करा. प्रत्येक पायरीआधी दोन वाक्यं लिहा: मला काय होईल असं वाटतं, आणि त्याची खात्री किती टक्के. मग ती गोष्ट करा, आणि खरंच काय झालं ते खाली लिहा. माझी पहिली पायरी ऐकून हसू नका. घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मुद्दाम एक शुद्धलेखनाची चूक करून मेसेज टाकायचा आणि दुरुस्त करायचा नाही. भाकीत: कुणीतरी टोकेल, खात्री ७० टक्के. निकाल: काकांनी सुप्रभातचं गुलाबाचं चित्र टाकलं, विषय संपला. मग अंतर्गत मेल एकदाच वाचून पाठवणं. मग एका बैठकीत ‘हे मला माहीत नाही, उद्या सांगते’ असं म्हणणं. शटर सगळ्यात वरच्या पायरीवर होतं.

पहिल्या वेळी त्रास वाढणार, हे गृहीत धरा. कुलूप एकदाच ओढून घरी गेले त्या संध्याकाळी पाऊण तास जीव टांगणीला होता, पोळ्या जळल्या. परत जाऊन बघायचं नाही, मामांना फोन करून विचारायचं नाही, एवढंच पथ्य. घालमेल चढते, थांबते, आपोआप उतरते. आठ-दहा दिवसांनी एकदा झोपताना आठवलं की आज आपल्याला कुलूप आठवलंच नाही.

उरलेल्या काळज्यांसाठी सस्पेन्स खातं

ज्या नोंदीचा उलगडा आज होत नाही, ती बँकेत सस्पेन्स खात्यात टाकतात आणि दिवस बंद करतात. काळजीसाठीही असंच खातं उघडता येतं. मानसशास्त्रज्ञ थॉमस बोर्कोव्हेक यांनी १९८३ मध्ये ही पद्धत सहकाऱ्यांसह मांडली: दिवसातला अर्धा तास काळजीसाठी ठरवायचा, वेळ आणि जागा रोज तीच. एरवी काळजी आली की एका ओळीत लिहायची आणि ‘साडेसहाला’ असं म्हणून हातातल्या कामाकडे वळायचं. अंथरुणात हे करायचं नाही, झोपण्याच्या तोंडावरही नाही. मी घराच्या मागच्या पायरीवर बसते.

साडेसहाला वही उघडायची. प्रत्येक ओळीला एकच प्रश्न: यावर मला काही करता येण्यासारखं आहे का? असेल तर काय आणि कधी, ते लिहायचं. नसेल तर नुसती वाचायची आणि पुढे जायचं. निम्म्या ओळी तोवर शिळ्या झालेल्या असतात. मात्र सस्पेन्समधल्या जुन्या नोंदींवर ऑडिटर बोट ठेवतोच. तीच काळजी तीन आठवडे पुन्हा पुन्हा आली तर ती काळजी राहत नाही, टाळलेला निर्णय असतो. माझ्या बाबतीत तो आईला आमच्याकडे आणण्याचा होता.

श्वासाचं थोडक्यात

चार आकडे मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. मिनिटाला सहा श्वास होतात. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती खाली येते. रोज पाच मिनिटं, तीही शांत असताना करा, म्हणजे गरजेच्या वेळी जमेल. पोहणं शिकायला कुणी पुराची वाट बघत नाही.

दुसरी किल्ली कुणाकडे तरी द्या

स्ट्राँग रूम एका माणसाला उघडता येत नाही. दोन किल्ल्या, दोन अधिकारी. फक्त विश्वास नाही म्हणून नव्हे, एकावर भार नको म्हणूनही. आपण मात्र मनाची तिजोरी एकट्याच्या किल्लीवर चालवतो, कारण ‘तिला सगळं जमतं’ ही पाटी लागलेली असते. ती पाटी लावणारे प्रेमानेच लावतात. गौरीच्या नैवेद्याला सोळा भाज्या करणारी सून, शिवाय बँकेत मॅनेजर! अशा बाईने ‘मला भीती वाटते’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘तुला काय कमी आहे?’

म्हणून माणूस निवडून घ्या. लगेच उपदेश करणारा नको, लगेच घाबरणाराही नको. सुरुवात कशी करायची तेही ठरवून ठेवा. मी नवऱ्याला म्हटलं, “अहो, मला दहा मिनिटं बोलायचंय. उपाय सांगू नका, नुसतं ऐका.” त्यांनी तीन मिनिटांनी उपाय सांगायला सुरुवात केली. मी परत म्हटलं, “ऐका.” मग ऐकलं. मला वाटलं होतं त्यांना धक्का बसेल. ते म्हणाले, “तू रात्री झोपेत आकडे बोलतेस, मला माहितीय.”

एक सावधगिरी. या माणसाला खात्री देणारं यंत्र बनवू नका. ‘होईल ना नीट? नक्की ना?’ हे दिवसातून दहादा विचारणं म्हणजे कुलूप ओढण्याचाच दुसरा प्रकार. घरच्यांनीही ‘होईल गं, होईल’ म्हणण्याऐवजी ‘साडेसहाच्या वहीत लिही’ असं म्हणायचं, हे आधी ठरवून घ्या.

ऑफिसात सगळं सांगायची गरज नाही. तिथे एवढंच करा: कुठलंही नवं काम अंगावर आलं की लगेच ‘हो’ म्हणायचं नाही. ‘दुपारी बघून सांगते’ हे वाक्य तोंडात बसवा. आणि आठवड्याला एक काम दुसऱ्याला द्या, त्याने आपल्यापेक्षा थोडं कच्चं केलं तरी परत हातात न घेता.

तज्ज्ञांकडे जाताना

गुण दहा किंवा जास्त असतील, त्रास सहा महिने टिकून असेल, झोप किंवा जेवण बिघडलं असेल, तर वहीवर भागवू नका. मरणाचे विचार येत असतील तर आजच, याच क्षणी कुणाला तरी सांगा. भारत सरकारची टेलि-मानस ही मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. नंबर १४४१६, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं.

मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे औषध देऊ शकणारे डॉक्टर. मानसशास्त्रज्ञ बोलण्यातून आणि सरावातून उपचार करतात. चिंतेवर विचार-वर्तन उपचारांचा चांगला उपयोग होतो; वर सांगितलेली शिडी त्यातलीच. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात अमेरिकेत मांडलेली पद्धत आपल्याकडे विवेकनिष्ठ उपचार म्हणून रुजली आहे. ‘मला चांगलं काम करायचंय’ आणि ‘माझ्याकडून चूक होताच कामा नये’ यांतला फरक ती पकडायला शिकवते. खासगी परवडत नसेल तर ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. त्यांच्या बाह्यरुग्ण विभागात साध्या कपड्यांतली, नोकरी करणारी माणसं रोज येतात. फाटकाच्या नावाला घाबरू नका.

सगळ्यात महत्त्वाचं सांगते. आपण डॉक्टरांसमोरही ‘नीट’ वागतो. इस्त्रीची साडी, हसरा चेहरा, ‘तसं काही नाही डॉक्टर, थोडं टेन्शन असतं’. पहिल्या भेटीत मी हेच केलं आणि झोपेबद्दलचे चार सल्ले घेऊन बाहेर पडले. दुसऱ्या वेळी वही नेली. उजवं पान, चाचणीचे गुण, किती वाजता झोप मोडते ते, सगळं लेखी. तोंड उघडायच्या आधी कागद पुढे केला. तुम्हीही तसंच करा.

औषधांचं: चिंतेवर नेहमी दिली जाणारी औषधं गुण दाखवायला दोन ते सहा आठवडे घेतात, आणि सुरुवातीला अस्वस्थता थोडी वाढूही शकते. तिथे सोडू नका, डॉक्टरांना सांगा. बरं वाटलं म्हणून स्वतःहून बंदही करू नका. अल्प्राझोलमसारख्या गोळ्यांनी तासाभरात बरं वाटतं, म्हणूनच त्यांची सवय लागते. मावशीच्या पाकिटातून ‘एकच’ घेणं बंद करा.

‘बँकेत कळलं तर?’ ही भीती मलाही होती. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. उपचारांची माहिती गुप्त राहण्याचा हक्क त्यात आहे, आणि विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं असंही त्यात म्हटलंय. पॉलिसी मात्र वाचून घ्या. बहुतेकींत दाखल झाल्यावरचा खर्च मिळतो, नुसत्या भेटीची फी मिळेलच असं नाही.

मार्च येणारच

चढउतार राहतात. माझे गुण मार्चमध्ये आजही आठ-नऊवर जातात, मेमध्ये चारवर येतात. त्यामुळे फेब्रुवारीतच मी एक कागद लिहून फ्रिजवर लावते: दुपारनंतर चहा नाही, साडेसहाची वही चुकवायची नाही, गुण दहाच्या पुढे गेले तर डॉक्टरांना फोन. तुमचा मार्च कदाचित बोर्डाच्या परीक्षेत, गणपतीत किंवा वार्षिक मूल्यमापनाच्या महिन्यात येत असेल. तो कधी येतो हे माहीत असतं, एवढं एक बरं आहे.

गेल्या वर्षी ३१ मार्चला दिवस बंद करायला रात्रीचे साडेअकरा झाले. शटर खाली आलं, मी कुलूप एकदा ओढलं आणि स्कूटरला किक मारली. मामा तिथंच उभे होते.

“मॅडम,” ते म्हणाले, “चष्मा राहायचा बंद झाला वाटतं.”